आंबिलीची पळी आणि लंकेचं तिकीट

१५ सप्टेंबर, रविवार. मेहकर (ता. भालकी, जि. बीदर, कर्नाटक)

नव्या वहीला सावित्रीबाईचा जय भीम.

वही, तू खुशाल आहेस ना? हैदराबादेहून येताना गाडीत पावसाचं पाणी आलं म्हणत होती प्रेरणा, तुझी पानं भिजली नाहीत ना? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. एकेकाचं सांगते. माझा डावा गुडघा जिना चढताना गप बसतो आणि उतरताना बोलतो. मुलगा संघपाल मास्तर, त्याचं पित्त शाळेत परीक्षा आली की वर, संपली की खाली. सूनबाई रूपालीची मान आता बरी आहे, उशी काढून टाकली. नात प्रेरणा हैदराबादेत दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसते, तिच्या डोळ्यांची मला काळजी आहे, तिला नाही. शेळी व्यायची आहे. समोरच्या कलाबाईला साखरेचा आजार आहे, पण तो तिला विचारायचा नसतो. ती गूळ खाताना दिसली की मी रस्त्याकडे बघते.

हसू नको. मला दुसरी सुरुवात येत नाही. मी शाळेत गेलेली बाई नाही. संघपाल पहिलीत असताना तो पाटीवर अक्षर काढायचा आणि तो झोपल्यावर त्याच अक्षरावरून मी बोट फिरवायची. मला लिहिता येतं असं कळल्यावर गल्लीतल्या बाया पत्रं लिहून घ्यायला आल्या. कुणाचा नवरा हैदराबादेत, कुणाचा भाऊ पुण्याला. वीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं लिहिली. आधी सगळ्यांची तब्येत, मग मजकूर, शेवटी उत्तर लवकर पाठवा. आता पत्रं गेली, फोन आले, पण हात त्याच वाटेनं चालतो.

तर मजकूर असा. प्रेरणा मला श्रीलंकेला नेणार आहे. अनुराधपूरला बोधिवृक्ष आहे. सम्राट अशोकाच्या लेकीनं, संघमित्रेनं, फांदी नेऊन लावलेला. विहारात मी त्याचं चित्र तीस वर्षं पुसतेय. प्रेरणानं विचारलं, "आजी, विमानात बसून कुठं जायचं तुला?" तर माझ्या तोंडून तेच निघालं.

कलाबाई तेव्हा आमच्या ओट्यावर तूर निवडत बसली होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "मला बी घिऊन चला की."

"कलाआजी, समुद्र ओलांडून जायचंय," प्रेरणा म्हणाली.

"मग? उडी मारून जायलाव व्हय? इमान हाय न्हवं?" आणि मला म्हणाली, "रावनाचं गाव हाय गं ते. एवड्या कथा ऐकल्या. सीतामायला जिथं बसीवलं तिथं घटकाभर बसून येते. तू तुज्या झाडाखाली बस, मी माज्या."

प्रेरणाला चेष्टा वाटली. पण दुसऱ्या दिवशी कलाबाईचा तानाजी येऊन म्हणाला, "काकू, मायचं बी नाव घाला. बाकीचं मी बगतो." म्हणजे आम्ही तिघी.

प्रेरणानं ही वही दिली आणि सांगितलं, सगळं लिहून ठेव. ठेवते.

१८ सप्टेंबर, बुधवार

तारखा ठरल्या. कलाबाईची अट एकच. "येळवस सोडून कुठलीबी तारीख धर. ते तू बग. वाचनारी तू हायस."

येळवस आपल्या भागात कुणाला सांगायची गरज नाही, पण ही वही उद्या प्रेरणाच्या हैदराबादच्या मैत्रिणी वाचतील म्हणून लिहिते. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी गाव रिकामं आणि शेतं भरलेली. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पाच पांडव. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, खीर. आणि आंबील. ज्वारीचं पीठ आंबवून ताकात केलेली, लसूण घातलेली, गार आंबील. रस्त्यानं जाणाऱ्याला हाका मारमारून जेवायला बसवायचं. कलाबाईच्या शेतात त्या दिवशी दीडशे पानं उठतात आणि आंबिलीची पळी कलाबाईच्या हातात असते. लग्न होऊन आल्यापासून अठ्ठेचाळीस वर्षांत तिची येळवस एकदाही चुकली नाही. तानाजी पोटात असताना आठव्या महिन्यातसुद्धा डोक्यावर आंबिलीची बिंदगी, म्हणजे घागर, घेऊन चालत गेली होती.

प्रेरणाला सुटी अठ्ठावीस डिसेंबर ते चार जानेवारी. मी आमच्या भिंतीवरचं विहाराचं कॅलेंडर बघितलं. त्या आठवड्यात काही नाही. मागल्या येळवशीची तारीख मला पाठ होती, अकरा जानेवारी, कारण बारा तारखेला शेळीला पिल्लं झाली. म्हणजे आम्ही परत येऊन पाय धुऊन आठवडाभर बसू तेव्हा येळवस. सांगितलं, धर तारीख.

कलाबाईच्या घरी जाऊन सांगितलं तेव्हा तिची सून विजयश्री चूल सारवत होती. "कवा मनलाव काकू? तीस तारखेला तिकडंच असताव?" मी व्हय म्हटलं. ती हात धुऊन खोलीत गेली, बाहेर आली, मला चहा दिला. थोड्या वेळानं पुन्हा चहा दिला, त्यात साखर जास्त. गुणाची पोर आहे. सासू परदेशी जाणार याचा किती आनंद झाला तिला.

८ ऑक्टोबर, मंगळवार

बीदरला पासपोर्टसाठी गेलो. मशिनला माझी बोटं दिसली, कलाबाईची दिसेनात. तिथली मुलगी कन्नडमध्ये म्हणाली, अज्जी, बोटं पुसून ठेवा. कलाबाई कन्नडमध्येच म्हणाली, पुसून पुसूनच गेलीत बाळ, खुरप्याला विचार. मुलीनं आपल्या पिशवीतलं क्रीम काढून तिच्या बोटांना लावलं. चौथ्या वेळी उमटली.

फोटो काढताना हसू नका म्हणाले. कलाबाई मला म्हणते, "हसू नगं मनायला ही काय सोयरीक बगाय आलीत?" त्यावर मी हसले, म्हणून माझा फोटो दोनदा काढावा लागला.

२० ऑक्टोबर, रविवार

तिकिटं काढली. स्वस्तातली आहेत, बदलता येत नाहीत, म्हणाली प्रेरणा. आम्हाला कशाला बदलायचीत?

आज पोटाचा कार्यक्रम ठरवला. प्रेरणानं मोबाइलवर दाखवलं. सकाळी तांदळाच्या शेवयांच्या चकत्या, त्याच्यावर लाल तिखट घातलेलं ओलं खोबरं. दुपारी भात आणि भाताभोवती सात-आठ भाज्या, त्यात कच्च्या फणसाची एक, बघितली तर मटणच वाटावं. नारळाच्या दुधात शिजवून वड्या पाडलेला भात. शहाळं हिरवं नाही, नारिंगी. मासे तर किती तऱ्हेचे. मी वाळके बोंबील सोडून समुद्रातलं काही खाल्लेलं नाही.

कलाबाई म्हणाली, "सकाळी सकाळी शेवया? मंजी रोज जावई आल्यावानी."

"आजी, तुम्ही दोघींनी तिथं भाकरी शोधायची नाही," प्रेरणानं बजावलं.

"शोदतंय कोण? बांदून नेतो," कलाबाई म्हणाली. तिनं साठ कडक भाकरी करायचं काढलं आहे. पापडासारखी वाळवलेली पातळ भाकरी, दोन महिने टिकते. प्रेरणा म्हणाली, साठ नाही, वीस. चाळीसवर मिटलं. शेंगदाण्याची चटणी मी करणार, कारळाची ती.

राघोबा, कलाबाईचे मालक, दारात ऐकत उभे होते. बायकोला म्हणाले, "तिकडं दळान मिळत नसंल तर जातं बी घिऊन जा."

"तुमालाच न्हेते. बसून खायला आनि काय लागतंय?"

१७ नोव्हेंबर, रविवार

आज अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

बसलिंगप्पाच्या दुकानात मीठ आणायला गेले. त्याच्या गल्ल्यामागे कन्नड कॅलेंडर आहे. मी सहज डिसेंबरचं पान वर करून बघितलं, बोधिवृक्षाची आपली तीस तारीख कशी दिसते म्हणून. त्या चौकोनात काळा गोळा. मला वाटलं शाई सांडली. बोटानं पुसला. जाईना.

"अण्णा, हे काय हाय?"

"अमावस्या की अक्का. येळ अमावस्या. यंदा लवकर आलीय न्हवं का."

मी मीठ तिथंच विसरून आले.

घरी येऊन विहाराचं कॅलेंडर बघितलं. बाबासाहेबांचा फोटो, पंचशील, आणि दर महिन्याला एक पांढरा गोळा. पौर्णिमा. आमच्या कॅलेंडरात फक्त पौर्णिमाच असतात, अमावस्या छापतच नाहीत. आमच्या घरात अमावस्या बघायचं कारणच राहिलं नाही. आणि मी बाई, मागल्या सालच्या शेळीवरून यंदाची येळवस काढली! चंद्र इंग्रजी तारखेनं चालत नाही हे मला ठाऊक नाही का? ठाऊक आहे. पण वाचता येतं ना, म्हणून वर बघितलंच नाही.

तिकिटं बदलत नाहीत. कलाबाई येळवस सोडत नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

सांगितलं नाही. ती ओट्यावर आली तर मी झोपेचं सोंग केलं. सकाळी दहा वाजता.

२० नोव्हेंबर, बुधवार

सांगितलं.

ती चुलीपुढे कडक भाकरी थापत होती. एका फडक्यावर एकोणीस झाल्या होत्या. मी सगळं सांगितलं, शेळीसकट. तिनं हातातली भाकरी पूर्ण थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मग म्हणाली, "तू जा."

"आन् तू?"

"मी गेल्यावर पळी कोन धरंल?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

माझ्या मनाला का इतकं लागलं ते लिहून ठेवते. माझे मालक राघोबांच्या शेतात सालगडी होते. येळवशीला आम्हालाही बोलावणं असायचं, पण त्यांची माणसं आंब्याखाली आणि आम्ही बांधावरच्या बोरीखाली, वेगळे. वरून वाढायचे. कलाबाई नवी नवरी होती तेव्हा काही बोलली नाही. पुढं एका येळवशीला, सासू शेतात येईनाशी झाली आणि पळी तिच्या हातात आली त्याच वर्षी, तिनं सगळ्यांना वाढलं, शेवटी आपलं ताट घेतलं आणि बोरीखाली येऊन माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "सरक की जरा." आंब्याखालची माणसं नुसती बघत राहिली. पुढच्या वर्षी राघोबा आले. तिसऱ्या वर्षी कोण कुठं बसलंय ते कुणी बघेना.

मी पांडवांना हात जोडत नाही, तिनं कधी जोड म्हटलं नाही. पण येळवस माझी पण आहे. आणि तीच मी बुडवली.

२४ नोव्हेंबर, रविवार

संघपाल म्हणाला तिकिटाचं काही होत नाही. मी कलाबाईला सांगितलं, मी पण जात नाही.

"तू न्हाई गेलीस तर मी तुज्या उंबऱ्याला पाय लावनार न्हाई," ती म्हणाली. म्हणजे गेले तरी एकटी, राहिले तरी एकटी.

मग मी विजयश्रीला गाठलं. म्हटलं, "पोरी, एक वर्स तू सांभाळशील का गं येळवस?" तिचा चेहरा कसातरीच झाला. "मी? माज्या हातची आंबील कोन पितंय काकू? आत्याबाईनी मला आजवर कांदा चिरायच्या फुडं येऊ दिलंय का?" आणि आत गेली. मी उगाच बोलले. पोरीला ओझं वाटलं असणार.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी विजयश्री पदराखाली वाटी झाकून आली. आंबील! येळवशीला महिना असताना! "काकू, जरा पिऊन बगा." पातळ होती. मी चांगली आहे म्हटलं. ती म्हणाली, "चांगली मनू नगा, काय चुकलंय ते सांगा." सांगितलं. मी उदास आहे म्हणून बिचारी माझी समजूत काढतेय.

१ डिसेंबर, रविवार

पुन्हा वाटी. आज आंबट जास्त. समजूत काढायची तरी किती!

५ डिसेंबर, गुरुवार

तिसरी वाटी. आज मात्र डोळे मिटून प्याले तर कलाबाईच वाढतेय असं वाटलं. "हीच!" म्हटलं. तिनं माझे पाय धरले. आजकालच्या पोरींचं काही कळत नाही, पाहुणचार पण करतात आणि पाया पण पडतात. वाटी नेताना म्हणाली, "आत्याबाईला सांगू नगा." कशाला सांगेन?

८ डिसेंबर, रविवार

सांगितलं.

मुद्दाम नाही. कलाबाईला मी प्रेरणाच्या मोबाइलवरचा फणसाच्या भाजीचा फोटो दाखवत होते, निदान फणसासाठी तरी चल म्हणून. आणि गोडीत यावी म्हणून म्हटलं, "तुजी सून लै चांगली हाय गं. मला तीनदा आंबील पाजली. पहिली पातळ, दुसरी आंबट, तिसरी हुबेहूब तुज्या हातची."

कलाबाईनं फोन खाली ठेवला. फणस तसाच चमकत होता.

"तीनदा?"

"तीनदा."

"माज्या हातची?"

"डोळे मिटले तर."

ती उठून गेली. चप्पल पण उलटी घातली. मी पुन्हा काहीतरी बिघडवलं.

१० डिसेंबर, मंगळवार

सकाळी कलाबाई आली आणि ओट्यावर बसून राहिली. मी चहा दिला. निम्मा पिऊन झाल्यावर बोलली.

"सूनबाईच्या खोलीच्या दारामागं कॅलेंडर हाय. काळा गोळा तिला पैल्या दिवशीच दिसला व्हता."

"अगं, मग बोलली कामून न्हाई?"

"पंदरा वर्सं झाली तिला येऊन. पंदरा येळवशी कांदाच चिरायलीय. कामून बोलंल?" कपात बघत राहिली. "मी तरी माज्या सासूला कवा बोलले व्हते? रोज वाटायचं, ह्या म्हातारीनं एक डाव पळी माज्या हातात द्यावी. तिनं दिली ती हातरुनाला खिळल्यावर. पळी घेताना मी रडले. लोकं मनली, किती माया सासूवर." मग हसली. "निम्मी माया व्हती. निम्मी पळी व्हती."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय. काल रातच्याला जेवताना दिली तिला. घे मनलं, धर. मला द्यायचीच हाय तर चालत्या पायानं देते, इमानात बसून जाते. तिला वाटलं मी चिडून बोलायले. चमच्यावानी हातात धरून बसली घटकाभर. म्हातारा मनतो, आता जेवायला वाड की कुनीतरी."

"मंजी तू यायलीस?"

"व्हय. चुकली तिची आंबील तर लोकं मला आठवतील. न्हाई चुकली..." तिनं कप माझ्या हातात दिला. "न्हाई चुकली तर फनस खाऊ."

बघा! मी म्हटलंच होतं, फणसाचा फोटो कामाला येईल.

२२ डिसेंबर, रविवार

पिशव्या भरल्या. कडक भाकरी चाळीस, त्या दोन उशांच्या मधे. चटण्या दोन. तिळाच्या पोळ्या बारा. लोणचं प्रेरणानं काढून टाकलं, कलाबाईनं परत घातलं, प्रेरणानं परत काढलं. आता कुठं आहे ते मला माहीत आहे, लिहीत नाही, ती ही वही वाचते.

कलाबाईनं शेतातले लिंबाएवढे पाच दगड चुन्यानं रंगवून बटव्यात घातले आहेत. "तिकडं येळवस असंल तिथं मांडीन." माझा त्या पांडवांवर विश्वास नाही, पण कलाबाईच्या बटव्यावर आहे.

विजयश्री रोज सासूला एकेक विचारतेय. भज्जीत चुक्याचा पाला किती, पावट्याच्या शेंगा कधी घालायच्या. कलाबाई सगळं सांगते. मिठाचं तेवढं विचारलं की म्हणते, "ते हातानं कळतंय."

२८ डिसेंबर, शनिवार. श्रीलंका

पोचलो. हैदराबादच्या विमानतळावर कलाबाईचा बटवा मशिनमधून गेला आणि थांबला. शिपायानं दगड टेबलावर मांडले. एक, दोन, तीन, चार, पाच. "ये क्या है, अम्मा?"

"पाच जन हायत," कलाबाई म्हणाली. "सगळ्याचं तिकट काडावं लागतंय का?"

तो भालकीकडचाच निघाला. हसून म्हणाला, "माय, येळवशीला दगड शेतात ठिवतेत, इमानात न्हाई," आणि मोठ्या पिशवीत घालून दिले.

संध्याकाळी समुद्र बघितला. काय लिहू? आपल्याकडे कारंजा धरण भरलं की गावं बघायला जातात. हे धरण नाही, याला दुसरा काठच नाही. माझे पाय आपोआप मागे सरकले. कलाबाई सरळ पुढे गेली, गुडघाभर पाण्यात उभी राहिली, ओंजळीत घेऊन चाखलं आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "मीठ लै झालंय."

फणस खाल्ला. मटणच.

३० डिसेंबर, सोमवार. अनुराधपूर

आज खूप लिहायचं आहे.

सकाळी पांढरी लुगडी नेसून बोधिवृक्षाकडे गेलो. हजारो माणसं, सगळी पांढरी, सगळी अनवाणी. झाड मी समजत होते तेवढं मोठं नाही. फांद्यांना सोन्याचे टेकू दिलेत, म्हाताऱ्याला काठी देतात तसे. मी वंदना म्हटली. शेजारच्या अनोळखी बाईच्या तोंडातही तेच शब्द, बुद्धं सरणं गच्छामि. तिनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. शेवटी दोघी एकदम साधू साधू साधू म्हणालो. मला रडू आलं. कलाबाई कानात म्हणाली, "रड रड, एवड्या लांबून त्याच्यासाटी तर आलीस," आणि माझ्या फुलांच्या ताटातलं एक कमळ उचलून तिनंही वाहिलं. एक पान माझ्यापुढे पडलं. ते या वहीत आहे. पुढच्या पानावर हळू जा.

दुपारी गाडीवाल्याला प्रेरणानं सांगितलं, कुठल्याही शेताशी थांबव. भाताची शेती, हिरवीगार, गुडघाभर. बांधावर नारळाचं झाड होतं. कलाबाईनं पाच दगड मांडले, कोपीच्या जागी नारळाची पडलेली झावळी वाकवून ठेवली. कडक भाकरीवर चटणी, तिळाची पोळी, आणि आंबील नाही म्हणून नारिंगी शहाळ्याचं पाणी शेतात शिंपडलं. हात जोडून म्हणाली, "यंदा एवड्यावर भागवून घ्या, परदेशात हाय."

मग ती रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि हाका मारायला लागली. "या, जेवायला या!" मी म्हटलं, अगं, इथं कुणाला कळणार? "जेवायला या मनल्यालं कुनाला कळत न्हाई?" आणि खरंच, भातात वाकलेल्या दोन बाया आणि एक म्हातारा आले. शेत त्यांचंच होतं. ते आमच्याकडे बघतात, आम्ही त्यांच्याकडे. कलाबाईनं म्हाताऱ्याला हातानं खूण केली, "सरका की जरा," आणि गाडीवाल्यासकट सगळे एका ओळीत बसलो. कारळाची चटणी बायांना तिखट लागली, डोळ्यांतून पाणी, पण हात थांबेना. कडक भाकरी मोडताना आवाज झाला की म्हातारा हसायचा. त्यांनी डब्यातला भात आणि खोबरं आम्हाला वाढलं.

तेवढ्यात फोन वाजला. चित्र दिसतं तसला फोन. मेहकरचं शेत, आंबा, बोर, माणसंच माणसं. विजयश्री घामानं भिजलेली, हातात पळी.

"आत्याबाई, बगा!" तिनं फोन आंबिलीच्या बिंदगीवर धरला.

कलाबाईनं डोळे बारीक केले. "मीठ कमी दिसायलंय."

"अवो, दिसून कळतंय व्हय?"

"रंगावरून कळतंय."

मागून राघोबा ओरडले, "कायबी कमी न्हाई! तिसरा गलास हाय माजा!"

कलाबाई त्यांना म्हणाली, "तुमाला काय कळतंय." मग विजयश्रीला म्हणाली, "बोरीखाली कोन बसलंय?"

"सगळेच बसलेत. संघपाल भाऊजी, रूपालीताई, आमचे हे."

"बरं. तू जेवलीस?"

"न्हाई आजून."

"शेवटी जेव. पन बसून जेव. उबी राहून न्हाई."

"व्हय," विजयश्री म्हणाली, आणि फोन गेला.

त्यानंतर कलाबाई भाताकडे बघत बसली. म्हातारीचे पाय दुखत असतील, काल पण खूप चाललो. मी तिला शहाळ्यातली मलई खरवडून दिली, साखरेकडे न बघता. उद्या सीतामायच्या जागी जायला निघायचं आहे, तिथं ती तिच्या झाडाखाली बसेल.

संध्याकाळी मंदिराबाहेर चित्रांची कार्डं मिळाली. मागे लिहायला जागा. कलाबाई म्हणाली, "लिव. घरला पत्र लिव." एवढ्या वर्षांनी मी दुसऱ्याचं पत्र लिहिलं. ती सांगत होती, मी लिहीत होते. एका कार्डात मावलं नाही, तीन लागली. इथं उतरून घेते.

"चि. विजयश्रीस अनेक आशीर्वाद. म्हाताऱ्याचा खोकला कसा आहे? तानाजीच्या पाठीची उसण गेली का? म्हशीला पेंड वेळेवर देतेस ना? तुझे हात दिवसभर पळी धरून दुखत असतील, तेल लावून घे. मी खुशाल आहे. सावित्रीचा गुडघा खुशाल आहे. इथं समुद्र आहे, खारट आहे. फणस चांगला आहे. येळवस आम्ही पण केली, सात माणसं जेवली. मीठ कमी म्हटलं ते मनावर घेऊ नको. फोनमधे काही दिसत नव्हतं. पुढच्या वर्षी कांदा मी चिरीन. आंबील किती उरली ते मात्र खरं लिही. उरली नसेल तर तसं लिही, मला राग येणार नाही. थोडा येईल. उत्तर लवकर पाठव."